सरकीच्या पानाखाली गोड थेंब आणि मुंगळे, हा रोग आहे का झाडाचंच काही?

दुधनाकाठ (सेलू)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय इथं. आमची साडेतीन एकर सरकी (कापूस) आहे, जूनच्या शेवटाला टोबलेली, आता पात्यावर (बारीक कळ्यांवर) आलीय आणि थोडी थोडी फुलं पण दिसायलीत. परवा डवऱ्याच्या मागं तण काढताना बघितलं तर जवळपास प्रत्येक झाडावर काळे मुंगळे वर-खाली करायलेत. मग मी पान उलटं करून बघितलं तर मधल्या शिरेवर, देठापासून थोडं वर, एक बारीक खड्डा, तिळाएवढा पण नाही, आणि त्यात पाण्यासारखा थेंब. बोटावर घेऊन जिभेला लावला तर चक्क गोड. दहा झाडं बघितली, दहाही झाडांवर तेच आणि त्याच जागी.

बाबांनी पान दुकानात नेऊन दाखवलं तर तिथं सांगितलं की चिकटा सुरू झालाय, मुंगी आली म्हणजे मावा आलाच, ही दोन औषधं मिसळून मारा. अठराशे रुपयाची औषधं घरी आलीत, अजून फोडली नाहीत. मी कॉलेजातलं भिंग घेऊन अर्धा तास बसले, मावा काही दिसला नाही, तुडतुडे चार-दोन दिसले तेवढेच.

माझं बीएस्सीचं दुसरं वर्ष आहे, बॉटनी आहे, पण आम्हाला जास्वंदाचं फूल कापून दाखवलं आणि मधाची ग्रंथी फुलात असते एवढंच शिकवलं. मग हा पानावर गोड रस कुठून आला? रोग असेल तर बाबांचं बरोबर, नसेल तर फवारणी थांबवायचीय मला. उद्या सकाळी पंप भरणारेत, जरा लवकर सांगा.

---

काळीमाती (गेवराई)

ताई आधी पंप थांबवा. हा रोग नाही, झाडाचंच आहे. पंचवीस वर्षं सरकी करतोय, दरवर्षी हा थेंब असतो, आमची आजी त्याला पानाचा घाम म्हणायची.

चिकटा कसा ओळखायचा सांगतो. मावा पानाच्या खालच्या बाजूला बसून रस पितो आणि त्याची गोड विष्ठा खालच्या पानांवर पडते, म्हणून चिकटा दिसतो पानाच्या वरच्या अंगाला, वार्निश मारल्यावाणी चकाकी, हात लावला की चिकचिक, आणि आठ-पंधरा दिवसांत त्याच्यावर काळी बुरशी चढते. कुठं पडंल याचा नेम नसतो. तुमचा थेंब मात्र पानाच्या खाली, शिरेवर, प्रत्येक पानाला ठरलेल्या एकाच जागी. रोग असा माप घेऊन येत नसतो.

आणि एक हात जोडून विनंती, पुन्हा जिभेला लावू नका. फवारलेल्या रानातलं काहीही चाखायचं नाही. बियाण्याला लावलेलं आंतरप्रवाही औषध किंवा नंतर मारलेलं औषध झाडाच्या रसातून फिरतं, तो थेंब त्याच रसाचा आहे.

---

सुटीतला_मास्तर (नांदेड)

काळीमातींनी बरोबर सांगितलं. मी चौतीस वर्षं बॉटनी शिकवली, आता निवृत्त आहे, त्यामुळं जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बाळा, तू बघितलीस ती मधुग्रंथीच आहे, फक्त फुलाबाहेरची. पुस्तकात पुष्पबाह्य मधुग्रंथी म्हणतात. कापसाला मधुग्रंथी एका जागी नाहीत, चार जागी आहेत. पहिली तू बघितलीस ती, पानाखालच्या मुख्य शिरेवर, कधी कधी बाजूच्या शिरांवरही एखादी असते. दुसरी पात्याच्या बाहेर: पात्याला ज्या तीन हिरव्या झालरदार छदपर्णांनी झाकलेलं असतं त्यांच्या बुडाशी बाहेरून बघ, प्रत्येकाला एक खळगी. तिसरी त्याच छदपर्णांच्या आत, निदलपुंजाच्या (पाकळ्यांबाहेरच्या हिरव्या पेल्याच्या) बुडाला. आणि चौथी खरी फुलातली, निदलपुंजाच्या आतल्या बाजूला तळाशी एक कडं असतं, पाकळ्यांच्या बुडाशी ज्या पाच फटी राहतात त्यातून किड्याची सोंड तिथपर्यंत पोचते.

तुझं भिंग दहापटीचं असेल तर खड्डा नीट बघ. आत बारीक मखमल दिसेल. ती मखमल म्हणजे अनेक पेशींच्या छोट्या छोट्या गुंड्या, एकमेकीला चिकटून उभ्या. पानात तयार झालेली साखर रसवाहिनीतून शिरेत येते, शिरेतून या गुंड्यांत, आणि गुंड्या ती बाहेर सोडतात. म्हणून ग्रंथी शिरेवरच असते, पानाच्या मोकळ्या भागात नसते. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि थोडी साखर, म्हणून गोड.

आता झाड एवढी साखर फुकट का वाटतं? फुलातला मध परागीकरणासाठी, हे कळतं. पानावरच्या मधाचा परागीकरणाशी काहीच संबंध नाही. तो मुंग्यांसाठी, बारीक गांधीलमाश्यांसाठी, क्रायसोपासाठी (जाळीदार पंखांचा हिरवा मित्रकिडा), ढालकिड्यांसाठी आहे. हे सगळे खायला येतात आणि आल्यावर पानावरची अंडी, बारीक अळ्या पण उचलतात. अळीनं पान कुरतडलं की कापूस त्या पानावरचा मध वाढवतो, हे प्रयोग करून दाखवलेलं आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही वाचताच आलं नाही.

आणखी एक. हवाई बेटांवर एक रानटी कापूस आहे, गॉसिपियम टोमेंटोसम. त्याला पानावरच्या आणि पात्यावरच्या मधुग्रंथी नाहीत. त्या बेटांवर मूळच्या मुंग्याच नव्हत्या, माणसानं नेल्या तेव्हा गेल्या. मुंगीच नाही तर तिच्यासाठी साखर कशाला खर्चायची. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी याच रानटी कापसाचा हा गुण लागवडीच्या कापसात आणून बिनमधुग्रंथीच्या जाती केल्या.

---

दुधनाकाठ

सर खूप खूप धन्यवाद, तुमचा मेसेज बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते म्हणाले मास्तर म्हणतेत तर दोन दिवस थांबू, पण बोंडअळी आली तर तुझ्या मास्तरला फोन लावीन. पण सर, बिनमधुग्रंथीच्या जाती कशासाठी केल्या? मध चांगला असेल तर काढून का टाकला?

---

पैठणचा_बागवान

याचं उत्तर मी देतो, कारण मला वरचं सगळं जरा एकतर्फी वाटतंय. मास्तर, राग मानू नका.

मध सगळ्यांनाच लागतो, नुसत्या मित्रकिड्यांना नाही. गुलाबी बोंडअळीचा पतंग रात्री हाच मध पितो आणि त्याच्यावर जगून अंडी घालतो. त्या जाती केल्या त्याचं कारण हेच, पतंगाला आणि रस शोषणाऱ्या ढेकण्याला आयतं खाणं मिळू नये. मग झालं काय, शत्रू कमी झाले तसे मित्रकिडे पण कमी झाले. म्हणून तो गुण सगळीकडं पसरला नाही.

दुसरं मुंग्यांचं. मुंगी अळी उचलते हे खरं, पण तीच मुंगी मावा आणि पिठ्या ढेकूण सांभाळते, त्यांच्या अंगातला गोड रस पिण्यासाठी ढालकिड्याला हाकलून लावते. पेरूवर, सीताफळावर पिठ्या असला की आम्ही खोडाला ग्रीसची पट्टी लावतो ती याच्यासाठीच. म्हणून ताई, मुंगी दिसली की घाबरू पण नका आणि खूश पण होऊ नका, ती कुठं थांबते ते बघा. शिरेवरच्या खड्ड्यापाशी थांबून पुढं गेली तर झाडाचा मध पिते. शेंड्यावर, कोवळ्या फांदीच्या बेचक्यात घोळका करून बसली तर तिथं मावा किंवा पिठ्या आहे, फांदी वाकवून बघा.

आणि आता फुलं लागलीत तर डोमकळ्या मोजायला सुरुवात करा. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं आमच्या भागात जे केलं ते परत बघायचं नाही.

---

दुधनाकाठ

डोमकळी बाबांना माहीत आहे पण मला नीट ओळखता येत नाही, उमललेलं नसलेलं फूल आणि डोमकळी यात फरक कसा करायचा?

---

क्रॉसिंगवाली (जालन्याजवळचं खेडं)

हे मला इचारा ताई. मी बारा वर्षं बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला (हातानं फुलांचा संकर करायला) जाते, दिवसाला हजार फुलं हातातून जातेत. लिहायची सवय नाही, पोरगी टाईप करून द्यायलीय.

डोमकळी म्हणजे फूल फुगून मोठं झालेलं असतं पण पाकळ्या उघडत नाहीत, वरच्या टोकाला एकमेकीत पिळल्यासारख्या चिकटलेल्या, गुलाबाच्या कळीसारखं दिसतं. उमलायचं राहिलेलं चांगलं फूल सकाळी दहापर्यंत उघडतंच. दहा-अकराला पण मिटलेलं असलं तर पाकळ्या सोडवून बघा, आत जाळीसारखा धागा निघतो, अळीनं पाकळ्या शिवून घेतलेल्या असतेत, आणि खाली बारीक अळी परागाची पिवळी पूड खाऊन बसलेली. अशी कळी तोडून पिशवीत घालायची, रानात टाकायची नाही.

आता फूल कसं असतं ते आमच्या हातानं सांगते. दुपारनंतर उद्या उमलणारी कळी शोधायची, ती कळते, दुधी रंगाची पाकळी झालरीच्या वर बोटभर आलेली असते. मग अंगठ्याचं नख पाकळीच्या बुडाला गोल रुतवायचं आणि पिळून काढायचं, तर पाकळ्या आणि आतली पुंकेसराची नळी एकदमच टोपीसारखी निघून येते. नळी का म्हणते, तर सरकीला पुंकेसर सुटे सुटे नसतेत, सगळ्यांचे दांडे एकत्र जुळून नळी झालेली असती आणि त्या नळीतून मधून स्त्रीकेसराची काडी वर येती. टोपी निघाली की खाली राहतं हिरवं इवलं बोंड आणि त्याच्यावर पांढरी काडी. नख जोरात लागलं आणि बोंडाच्या पांढऱ्या कातडीला इजा झाली की ते गळतं, मुकादम ओरडतो. मग त्याला खुणेचा कागद लावायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून काडीला घासायचं, एका नरात चार-पाच माद्या होतेत, वर दोरा बांधायचा.

तुम्ही सगळे मधाचं बोलायलात म्हणून सांगते. त्या झालरीच्या बुडाशी खरंच मध असतो. दिवसभर काम केल्यावर आमची बोटं चिकट होतेत आणि मुंगळे बोटावर चढून चावतेत. मला वाटायचं कळी फुटल्यामुळं चीक निघतो. फूल गळून बोंड धरलं तरी तिथं ओल असते, मग हे काय म्हणून कोणालाच इचारलं नव्हतं.

---

सुटीतला_मास्तर

क्रॉसिंगवाली बाई, तुमच्यासारखं फूल मला चौतीस वर्षांत वर्गात उघडून दाखवता आलं नाही, मनापासून सांगतो. तुम्ही बघितलं ते अगदी खरं आहे. फुलातला मध एकच दिवस, पण छदपर्णाच्या बुडाच्या ग्रंथी फूल गळल्यावर बोंड वाढेपर्यंत रस देत राहतात, कारण बोंडाला राखण तेव्हाच जास्त लागते. आणि ज्या हातानं हे काम चालतं त्याला छोटा इतिहास पण आहे. 1970 साली सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-4 हा संकरित कापूस काढला, लागवडीसाठी विकला गेलेला जगातला पहिला संकरित कापूस तो. त्याचं बी असंच फुलागणिक हातानं तयार करावं लागलं. आपल्या नांदेडचा एनएचएच-44 पण त्याच वाटेनं आला. म्हणजे एकेक बोंड कुणीतरी बाईनं नखानं उघडलेलं.

बागवान, राग कसला. तुमचं बरोबर आहे, मी मुंगीचं कौतुक जरा जास्तच केलं. फक्त फुलाचा रंग राहिला तेवढा सांगतो, दुधना, तुला परीक्षेला पण लागेल: आपण लावतो त्या अमेरिकन कापसाचं फूल पहिल्या दिवशी दुधी, दुसऱ्या दिवशी गुलाबी. त्या गुलाबी रंगाला अळीचा रंग समजून घाबरू नकोस. देशी कापसाचं फूल पिवळं आणि बऱ्याचदा बुडाशी तांबडा डाग.

---

दुधनाकाठ

आज संध्याकाळी परत गेले रानात. वीस झाडं घेतली, प्रत्येकाचं एक पान. सतरा पानांवर थेंब होता, तीन कोरडी होती, ती म्हातारी पिवळी पानं होती. मुंग्या शिरेवर थांबून पुढं जायल्या, शेंड्यावर घोळका नाही. डोमकळ्या शंभर फुलांत दोन निघाल्या. बाबांनी बियाण्याच्या गोदामातून कामगंध सापळे (मादीच्या वासानं बोंडअळीचे नर पतंग पकडणारे) आणलेत.

पण एक नवीन दिसलं. पान सूर्याकडं धरलं तर सगळीकडं काळे काळे बारीक टिपके, पानावर, देठावर, हिरव्या बोंडावर तर डोळ्याला पण दिसतात. ही पण ग्रंथीच का?

---

सुटीतला_मास्तर

हो, पण जात वेगळी. मधुग्रंथी रस बाहेर टाकते, ही ग्रंथी आत साठवते. त्या जागच्या पेशी विरघळून पोकळी होते आणि पोकळीत गॉसिपॉल नावाचं पिवळसर विषारी रसायन भरतं. अळीनं चावा घेतला की पोकळी फुटते. कापसाच्या बियात पण हेच असतं, म्हणून सरकीची पेंड म्हशीला चालते, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव त्यातलं बरंच निकामी करतात, पण कोंबड्यांना आणि डुकरांना ती बाधते. बियात गॉसिपॉल नगण्य असलेला पण पानात तसाच असलेला कापूस टेक्सासमधल्या संशोधकांनी तयार केला, त्याला अमेरिकेच्या कृषी खात्यानं 2018 मध्ये मोकळीक दिली.

असाच उजेडात धरून बघायचा खेळ मोसंबीच्या पानावर कर, तिथले टिपके पारदर्शक दिसतील, ते तेलाचे. कढीपत्ता, बेल, कवठ, सगळ्यांना तेच टिपके, कुळच एक.

---

काळीमाती (गेवराई)

ग्रंथीचं चाललंय तर हरभऱ्याची आंब कशी विसरले सगळे.

आमची आजी थंडीत पहाटे चारला उठायची आणि धुतलेलं पांढरं धोतर हरभऱ्यावरून ओढत न्यायची. दव आणि आंब धोतराला लागायची, मग पातेल्यावर पिळायची. तेच तेच चार-पाच वेळा. तांब्याभर निघायची नाही, वाटीभर निघायची. काचेच्या बाटलीत भरून ठेवायची, धातूच्या भांड्यात ठेवू द्यायची नाही. पोट दुखलं, अजीर्ण झालं की थेंबभर पाण्यातून द्यायची. ती आंब म्हणजे हरभऱ्याच्या पानावर, घाट्यावर जी बारीक लव असते तिच्या टोकाचा रस. हरभऱ्यात अनवाणी हिंडलं की पाय भेगाळतात, घोळाण्यासाठी भाजी खुडायला गेलेल्या बायकांची बोटं फाटतात, चपलेचं कातडं पांढरं पडतं. मास्तर, यात कोणतं आम्ल असतं?

---

सुटीतला_मास्तर

मॅलिक आणि ऑक्झॅलिक. लव भिंगाखाली बघितली तर दांडा आणि त्याच्या टोकाला गोल डोकं, डोक्यावर थेंब. ऑक्झॅलिक आम्लामुळं घाटेअळीची वाढ खुंटते हे तपासलेलं आहे. म्हणजे कापूस साखर देऊन राखणदार बोलावतो, हरभरा आम्ल लावून अळीलाच अडवतो. आपल्या एकाच रानात, खरिपाला एक तऱ्हा आणि रब्बीला दुसरी.

---

क्रॉसिंगवाली

ताई तुमच्या बांधावर एरंड आहे का? त्याचं पान देठाला जिथं चिकटतं तिथं दोन गाठी असतेत बघा. तिथं पण मुंग्या बसतेत. आणि अंबाडीच्या पानाला खालून शिरेवर सरकीसारखीच गाठ असते, भाजी निवडताना मला दरवेळी दिसते.

---

सुटीतला_मास्तर

दोन्ही बरोबर, बाई. अंबाडी तर कापसाच्याच कुळातली. एरंडाचं मला जास्त आवडतं, कारण त्याच्या फुलाला पाकळ्या नाहीत, मध नाही, पराग वाऱ्यावर जातो, कणसाच्या खाली नर फुलं आणि वर लाल केसराची मादी फुलं. परागीकरणासाठी कुणालाच बोलवायचं नाही, तरी पानाच्या देठावर मधाची सोय. मधुग्रंथी म्हणजे फुलाचाच अवयव असं जे आपण वर्गात शिकवतो ते या एका झाडानं चुकीचं ठरतं. दुधना, तुझ्या सरांना एरंडाचं पान नेऊन दाखव.

---

दुधनाकाठ

एरंड आहे, आखाड्याच्या मागं. आत्ता बॅटरी घेऊन बघून आले. दोन गाठी आहेत, एकीवर थेंब आहे आणि थेंबात एक बारीक मुंगी तोंड घालून बसलीय, उजेड मारला तरी हलली नाही. बाबा पण आले होते मागं. त्यांनी अंबाडीचं पान पण तोडून आणलंय, ते म्हणायलेत भिंग दे मला.

औषधाच्या बाटल्या अजून फोडल्या नाहीत. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर मगच बघू असं ठरलंय. उद्या सकाळी दहाला परत शंभर फुलं मोजते आणि आकडा इथं टाकते.